पदवीची वाट चाकूरकडे कशी आली

व्यापार पुस्तकातून शिकायचा असतो असं पूर्वी आमच्या चाकूरला कुणी म्हटलं असतं, तर लोक हसले असते. आडत दुकानात पोरगं मुनिमाशेजारी बसायचं, रोजकीर्द आणि खतावणी लिहायला शिकायचं. तुरीची मूठ हातात घेऊन भाव सांगता आला, की शिक्षण पुरं झालं. या शाळेला प्रवेश अर्ज नव्हता. अट एकच, तीही न लिहिलेली: दुकान आपलं किंवा सोयऱ्याधायऱ्याचं असावं. बाकीच्यांनी पोती उचलावीत.

ही अट मोडायचं काम विद्यापीठांनी केलं. अमेरिकेत १८८१ साली व्हार्टन स्कूल निघालं आणि १९०८ साली हार्वर्डने एमबीएचा अभ्यासक्रम सुरू केला. मुंबईत १९१३ साली सिडनहॅम हे वाणिज्य महाविद्यालय निघालं. व्यवस्थापनाचं शिक्षण आपल्या देशात कलकत्त्याला १९५३ साली, तर मुंबई विद्यापीठात जमनालाल बजाज संस्थेच्या रूपाने १९६५ साली आलं.

आमचा मुलूख मात्र तेव्हा वेगळ्याच वाटेवर होता. निजामाच्या राज्यात विद्यापीठ म्हणजे हैदराबादचं उस्मानिया. ते १९१८ साली स्थापन झालं आणि तिथं शिकवण्याची भाषा उर्दू होती. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला आधी भाषेचा उंबरठा ओलांडावा लागे. चाकूरचेच शिवराज पाटील, जे पुढे लोकसभेचे अध्यक्ष झाले, त्यांनी स्वातंत्र्यानंतरच्या काळात विज्ञानाची पदवी उस्मानियातून घेतली आणि कायदा शिकायला मुंबई गाठली. ज्याला इतकं लांब जाणं परवडत नसे, त्याचं शिक्षण थांबे.

२३ ऑगस्ट १९५८ रोजी तेव्हाच्या औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. १९६१ साली लातूरला दयानंद महाविद्यालय निघालं. पुढे १७ सप्टेंबर १९९४ रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनीच, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं. आज नांदेडला वाणिज्य व व्यवस्थापनाचं संकुल आहे आणि लातूरलाही विद्यापीठाचं उपकेंद्र आहे. हैदराबादपासून लातूरपर्यंत विद्यापीठ आमच्याकडे चालत आलं, असंच म्हणायचं. मुलींना याचा फायदा विशेष झाला, कारण परगावी ठेवायला न धजणारे आईबाप एसटीच्या पासावर मात्र राजी होतात.

आता लिहिलेल्या अटी पाहू. एमकॉमला साधारणपणे बीकॉम लागतं. एमबीएला तसं नाही. कोणत्याही शाखेची किमान तीन वर्षांची पदवी, खुल्या गटाला ५० टक्के आणि राज्यातल्या राखीव गटांना ४५ टक्के गुण, शिवाय सीईटी. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, चार सत्रांचा. म्हणजे मराठी विषय घेऊन बीए झालेली मुलगीही या वर्गात बसू शकते. सोयऱ्याचं दुकान असण्याची अट इथं खऱ्या अर्थाने संपली.

पण उंबरठा अजून आहे. सीईटीत १५० मिनिटांत २०० प्रश्न सोडवायचे असतात: तर्क, आकृत्या, गणित आणि इंग्रजी. सगळी प्रश्नपत्रिका इंग्रजीतच. पूर्वी दारात उर्दू उभी होती, आता इंग्रजी उभी आहे. आमच्या मुलांना हिशेब जमतो, पण प्रश्न वाचून समजेपर्यंत घड्याळ पुढं गेलेलं असतं.

यावर उपाय तालुक्यातच आहे. महाविद्यालयांनी सीईटीची तयारी शेवटच्या वर्षापर्यंत न लांबवता पहिल्या वर्षापासून रोज थोडं इंग्रजी वाचून घ्यावं. पालकांनी फीचा विचार करताना शिष्यवृत्तीचे नियम आणि मुदती वेळेत पाहून ठेवाव्यात. आणि आमच्या व्यापाऱ्यांना एक विनंती. एमबीएच्या मुलांना प्रकल्पासाठी प्रत्यक्ष काम करावं लागतं. तुमच्या गादीवर त्यांना दोन महिने बसू द्या. मुनिमाकडून ती मालाची पारख शिकतील आणि तुम्हाला संगणकावरचा ताळेबंद समजावून सांगतील. त्यात हमालाचा मुलगा असला, तर त्याला आधी जागा द्या.