‘पूर्ण’ आणि ‘कापलेली’ चौकट : डिजिटल कॅमेऱ्यातील सेन्सरच्या आकाराचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

डिजिटल छायाचित्रणाच्या परिभाषेत ‘फुल फ्रेम’ आणि ‘क्रॉप सेन्सर’ हे दोन शब्द आज पूर्णपणे रूढ झालेले आहेत. पहिल्या प्रकारच्या कॅमेऱ्यात प्रकाश टिपणारा सेन्सर ३६ × २४ मिलिमीटर आकाराचा असतो. दुसऱ्या प्रकारात तो निकॉन, सोनी आदी कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत साधारणतः २३.६ × १५.७ मिमी, तर कॅननच्या कॅमेऱ्यांत २२.३ × १४.९ मिमी एवढा आढळतो. दोहोंची तुलना बहुधा चित्राची गुणवत्ता, वजन आणि किंमत या अंगांनी केली जाते. मात्र या शब्दांतच एक मूल्यनिर्णय दडलेला आहे. ‘फुल’ म्हटले की संपूर्णता आणि ‘क्रॉप’ म्हटले की उणेपणा असा बोध आपोआप होतो आणि ग्राहक त्या बोधाची किंमत मोजतो. हा बोध कोठून आला, आणि ३६ × २४ हे माप ‘पूर्ण’ ठरवण्याचा अधिकार त्याला कोणी दिला, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

चौकटीचा जन्म

या मापाचे मूळ चलच्चित्रपटात आहे. १८९० च्या दशकाच्या आरंभी एडिसन यांच्या प्रयोगशाळेत डब्ल्यू. के. एल. डिक्सन यांनी ३५ मिमी रुंदीची, दोन्ही कडांना छिद्रे असलेली फीत चित्रपटासाठी सिद्ध केली. ही फीत उभी सरकत असे आणि चार छिद्रांमागे एक याप्रमाणे तिच्यावर सुमारे २४ × १८ मिमीची चौकट उमटे. मूकपटाच्या काळात जगभर हेच माप चालले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात प्रदर्शित झालेला दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपटही याच ३५ मिमी फितीवरचा होता.

त्याच सुमारास जर्मनीतील वेट्झलार येथे अर्न्स्ट लाइट्स या सूक्ष्मदर्शक बनविणाऱ्या कारखान्यात ऑस्कर बार्नाक हा तंत्रज्ञ एक छोटा कॅमेरा घडवीत होता. त्याने चित्रपटाचीच फीत घेतली, ती आडवी सरकवली आणि चार छिद्रांऐवजी आठ छिद्रांची जागा एका चित्राला दिली. १८ ची दुप्पट ३६. म्हणून चौकट ३६ × २४. या मापामागे प्रकाशशास्त्राचा कोणताही गहन सिद्धांत नव्हता. हाती असलेल्या फितीवर शक्य तेवढे मोठे चित्र घ्यावे, एवढाच व्यवहारी विचार होता. १९२५ मध्ये लाइपझिगच्या वसंत जत्रेत ‘लायका’ या नावाने हा कॅमेरा लोकांपुढे आला. १९३४ मध्ये कोडॅकने याच मापाची फीत तयार डबीत भरून बाजारात आणली आणि प्रसाराचा उरलेला अडथळाही दूर झाला.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावयास हवी. त्या काळात ३६ × २४ ला कोणी ‘पूर्ण’ म्हणत नव्हते. काचेच्या तबकड्या वापरणाऱ्या व्यावसायिकांच्या दृष्टीने तो ‘मिनिएचर’, म्हणजे लघुकॅमेरा होता. युरोपात रूढ असलेल्या १२ × ९ सेंटीमीटर तबकडीचे क्षेत्रफळ १०८ चौरस सेंटीमीटर. लायकाच्या चौकटीचे ८.६४. म्हणजे नवी चौकट जुनीच्या साडेबाराव्या हिश्शाइतकीच होती. आजचा क्रॉप सेन्सर फुल फ्रेमच्या तुलनेत २.३ ते २.६ पटींनीच लहान आहे. ‘कापले जाण्या’च्या या इतिहासात सर्वांत मोठी काटछाट १९२५ मध्येच झाली होती, असे म्हणणे अतिशयोक्त ठरू नये.

प्रमाणीकरण

लघुकॅमेऱ्याचे माप पुढे प्रमाण कसे झाले, याचे एक बोलके उदाहरण जपानमध्ये सापडते. १९४८ चा पहिला निकॉन कॅमेरा ३२ × २४ मिमी चौकटीचा होता. त्यामुळे एका रिळात काही चित्रे अधिक मावत. परंतु अमेरिकेतील रंगीत पारदर्शिका कापून बसविण्याची यंत्रे ३६ × २४ ला जुळवलेली होती. निकॉनला आपले माप टप्प्याटप्प्याने वाढवावे लागले आणि १९५४ च्या एस-२ या प्रारूपात ते ३६ × २४ वर येऊन स्थिरावले. १९५९ मध्ये ऑलिंपसने काढलेला ‘पेन’ हा कॅमेरा २४ × १८ मिमी चौकट वापरी. हे मुळात चित्रपटाचेच माप. पण छायाचित्रणात त्याला ‘हाफ फ्रेम’, म्हणजे अर्धी चौकट असे नाव मिळाले. चित्रपटगृहात जे पूर्ण, ते छायाचित्रकाराच्या हाती अर्धे झाले.

डिजिटल संक्रमण

१९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडीची कल्पना मांडली. १९७५ मध्ये कोडॅकचे अभियंते स्टीव्हन सॅसन यांनी १०० × १०० बिंदूंचा सीसीडी वापरून पहिला डिजिटल कॅमेरा बनवला. १९९१ चा कोडॅक डीसीएस हा निकॉन एफ-३ च्या सांगाड्यावर बेतलेला होता. त्याचा सेन्सर फिल्मच्या चौकटीहून बराच लहान होता. १९९९ च्या निकॉन डी-१ मध्ये २३.७ मिमी रुंदीचा सेन्सर आला. हे माप १९९६ मध्ये पाच कंपन्यांनी मिळून काढलेल्या ‘एपीएस’ या फिल्मच्या ‘सी’ चौकटीच्या जवळपास असल्याने त्याला ‘एपीएस-सी’ हे नाव चिकटले. ती फिल्म कालौघात नाहीशी झाली, नाव मात्र टिकले.

सेन्सर लहान ठेवण्याचे कारण मुख्यत्वे आर्थिक होते. सेन्सर सिलिकॉनच्या गोल चकतीवर घडवले जातात. कॅननने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या माहितीपुस्तिकेनुसार ८ इंची चकतीतून एपीएस-सी आकाराचे सुमारे २०० सेन्सर निघत, तर फुल फ्रेमचे जेमतेम २०. शिवाय आकृती उमटविणाऱ्या यंत्राचे क्षेत्र मर्यादित असल्याने फुल फ्रेम सेन्सर एका दमात न उमटता तीन टप्प्यांत उमटवावा लागे. चकतीवर विखुरलेल्या दोषांचा फटकाही मोठ्या तुकड्याला अधिक बसतो. ही पुस्तिका फुल फ्रेमच्या प्रचारार्थ काढलेली होती, हे अभ्यासकाने विसरू नये. तथापि स्वतःच्याच मालाच्या महागपणाची अशी कबुली साधन म्हणून विश्वसनीय मानावयास हरकत नाही.

मात्र ‘क्रॉप’ हा शब्द खर्चातून आलेला नाही. तो आला जुन्या लेन्समधून. निकॉनची लेन्स बसविण्याची पद्धती १९५९ ची, कॅननची १९८७ ची. व्यावसायिकांनी आयुष्यभराची कमाई या लेन्सवर घातलेली होती आणि कंपन्यांना तो ग्राहक गमवावयाचा नव्हता. ३६ × २४ साठी घडलेली लेन्स सुमारे ४३ मिमी व्यासाचे प्रकाशवर्तुळ टाकते. लहान सेन्सर त्याचा मधला भागच टिपतो. त्यामुळे लेन्सचे नाभीय अंतर तेच राहूनही दृष्टिकोन आक्रसतो. निकॉनच्या १.५ पटीच्या हिशेबाने २० मिमीची विस्तृत लेन्स ३० मिमीसारखी वागते, तर ३०० मिमीची दूरलेन्स ४५० मिमीसारखी. खेळ आणि वन्यजीव टिपणाऱ्यांना हा अनायासे लाभ झाला. वास्तू, समारंभ आणि अरुंद जागेत काम करणारे मात्र नाडले गेले. त्यांच्या दृष्टीने चौकट खरोखरच कापली गेली होती.

स्पर्धा आणि परतफेड

फुल फ्रेमचे आरंभीचे प्रयत्न अयशस्वी ठरले. पेंटॅक्सने आपला नियोजित कॅमेरा २००१ मध्ये रद्द केला. फिलिप्सचा ६ मेगापिक्सेल सेन्सर घेऊन २००२ मध्ये आलेला कॉन्टॅक्स एन डिजिटल अल्पजीवी ठरला. त्याच वर्षी आलेला कॅननचा ईओएस-१डीएस हा ११.१ मेगापिक्सेलचा कॅमेरा टिकला. पण त्याची किंमत ७,९९९ डॉलर होती. उलट २००३ चा कॅनन ३००डी हा क्रॉप सेन्सरचा कॅमेरा हजार डॉलरच्या आत मिळू लागला. डिजिटल एसएलआर सामान्य हौशी छायाचित्रकारापर्यंत पोहोचला तो या ‘उण्या’ चौकटीमुळेच. त्याच वर्षी निकॉनने केवळ लहान सेन्सरसाठी ‘डीएक्स’ लेन्स काढल्या, आणि ऑलिंपसने ई-१ द्वारे १७.३ × १३ मिमीची स्वतंत्र पद्धती, सोबत नव्या लेन्ससह, उभी केली. तिला जुन्या लेन्सचे ओझे नव्हते.

२००५ मध्ये कॅनन ५डी ३,२९९ डॉलरला आला आणि चित्र पालटले. निकॉनने २००७ मध्ये डी-३ द्वारे फुल फ्रेम स्वीकारली. लायकाची कथा तर अधिकच उद्बोधक आहे. २००६ चा तिचा एम-८ हा डिजिटल कॅमेरा २७ × १८ मिमी सेन्सरचा होता, कारण सेन्सरच्या कडांवर तिरप्या येणाऱ्या किरणांचा प्रश्न सुटलेला नव्हता. बार्नाकची चौकट त्याच्याच कंपनीच्या एम मालिकेत २००९ च्या एम-९ मध्ये परतली.

फुल फ्रेमचे श्रेष्ठत्व निव्वळ शब्दांचा खेळ आहे, असे म्हणणे मात्र चुकीचे ठरेल. छिद्रमान आणि उद्भासनकाल समान असता मोठ्या सेन्सरवर एकूण प्रकाश क्षेत्रफळाच्या प्रमाणात, म्हणजे २.३ पट अधिक, पडतो. अंधुक प्रकाशात चित्रातील कणीदारपणा त्यामुळे कमी दिसतो आणि दृष्टिकोन सारखा ठेवल्यास पार्श्वभूमी अधिक धूसर करता येते. हा फरक सुमारे सव्वा स्टॉपचा आहे. तो खरा आहे, मोजता येण्याजोगा आहे; पण ‘पूर्ण’ आणि ‘अपूर्ण’ यांत असावे तेवढे अंतर त्यात नाही.

२०१८ मध्ये निकॉन आणि कॅनन यांनी आरसाविरहित फुल फ्रेम कॅमेऱ्यांसाठी लेन्सच्या सर्वस्वी नव्या पद्धती आणल्या. फितीचा संबंध केव्हाच संपला होता, आता जुन्या लेन्सचे बंधनही सैल झाले होते. तरीही दोघांनी ३६ × २४ हेच माप निवडले. चित्रपटनिर्मितीत याच्या उलट घडले. २०१० चा ॲरी अलेक्सा हा डिजिटल चलच्चित्र कॅमेरा ‘सुपर ३५’ मापाचा होता. हे माप छायाचित्रकार ज्याला क्रॉप म्हणतात त्याच्या जवळचे आहे आणि चित्रपटसृष्टीत त्याला कोणी अपुरे मानले नाही. फुजीफिल्मने एपीएस-सीचा मार्ग चालू ठेवला आणि ३६ × २४ ओलांडून २०१७ मध्ये ४३.८ × ३२.९ मिमी सेन्सरचा जीएफएक्स ५०एस बाजारात आणला. हा सेन्सर फुल फ्रेमच्या सुमारे १.७ पट मोठा आहे. मध्यम आकाराच्या फिल्मवरील ५६ × ४१.५ मिमी चौकटीशी ताडून पाहिल्यास तोही क्रॉपच ठरतो.