वैमानिकाची तब्येत आणि फॉर्मवरचे उत्तर

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी जे.आर.डी. टाटा यांनी कराचीहून लेपर्ड मॉथ जातीचे एक लहानसे विमान एकट्याने उडवत आणले आणि मुंबईत जुहूच्या धावपट्टीवर उतरवले. तेव्हा त्यांचे वय ७८ होते. बरोबर पन्नास वर्षांपूर्वी, १५ ऑक्टोबर १९३२ला, ते याच मार्गाने पस मॉथ विमानातून टपाल घेऊन आले होते. १० फेब्रुवारी १९२९ला भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवानाही त्यांच्याच नावावर आहे.

ही माहिती आपण शाळेत मुलांना अभिमानाने सांगतो. पण ७८ वर्षांच्या माणसाला एकट्याने विमान चालवू देतात कसे, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. याचे उत्तर साधे आहे. पगारावर प्रवासी विमान चालवणाऱ्याला वयाची मर्यादा असते. हौसेने स्वतःचे विमान उडवणाऱ्या खासगी वैमानिकाला तशी मर्यादा नाही. त्याची मर्यादा त्याच्या प्रकृतीवर ठरते. परवान्याच्या जोडीला त्याच्याकडे वैद्यकीय प्रमाणपत्र असावे लागते आणि त्याची मुदत संपली की खिशात परवाना असूनही उड्डाण करता येत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांत खासगी वैमानिकासाठी ही मुदत चाळिशीपर्यंत ६० महिने आणि चाळिशीनंतर २४ महिने आहे. पन्नाशी ओलांडलेल्यांनी दर वर्षी तपासणी करावी, अशी शिफारस आहे.

उर्दूत वैमानिकाला 'हवाबाज' म्हणतात. शब्द ऐकताच डोळ्यांपुढे एखादा बेधडक माणूस येतो. हवाबाजीचा बराचसा इतिहास मात्र डॉक्टरच्या खोलीत घडला आहे. या लेखात तोच सांगायचा आहे.

आमच्याकडचा एक प्रश्न

मी सोमेश्वरनगर परिसरात उर्दू आणि मराठी शिकवतो. आमचा भाग उसाचा आणि साखर कारखान्याचा. पण बारामतीला एमआयडीसीजवळ विमानतळ आहे, तिथे वैमानिक प्रशिक्षण चालते. शिकाऊ विमाने बारामती-इंदापूरच्या आकाशात घिरट्या घालतात आणि शेतात काम करणारी माणसे मान वर करून बघतात. त्यामुळे 'पायलट व्हायचंय' हे वाक्य आता आमच्या वर्गांतही ऐकू येते.

मागच्या वर्षी एक पालक भेटायला आले. ऊस बागायतदार, स्वभावाने सरळ. मुलगा बारावी सायन्सला. ते म्हणाले, "सर, पोराला लहानपणी तापात दोनदा फिट आली होती. नंतर कधीच नाही. आता फॉर्मवर ते लिहायचं का नको?"

हा प्रश्न एकट्या त्यांचा नाही. गेली शंभर वर्षे जगभरचे वैमानिक हाच प्रश्न स्वतःला विचारत आले आहेत.

यादी कशी तयार झाली

पहिल्या महायुद्धात विमाने पहिल्यांदा मोठ्या संख्येने आकाशात गेली. शत्रूच्या गोळीशिवायही वैमानिक मरतात, हे तेव्हा लष्करांच्या लक्षात आले. कुणाची नजर कमी पडते, कुणाला भोवळ येते, कुणाच्या कानातला तोल बिघडतो. त्यातून तपासणीचे निकष तयार झाले. युद्ध संपल्यावर १३ ऑक्टोबर १९१९ला पॅरिस येथे हवाई वाहतुकीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. हिंदुस्थानही त्यात सामील होता. वैमानिकाला वैद्यकीय तपासणी आवश्यक आहे, ही गोष्ट या कराराने नागरी उड्डाणातही आणली.

हे निकष म्हणजे दोषांची यादी होती. दोष आहे का? असेल तर नापास. यादी तपासायला सोपी होती, पण समोरच्या माणसाला प्रत्यक्षात काय जमते, याची नोंद तिच्यात नव्हती.

इंग्लंडच्या रॉयल एअर फोर्समधले डग्लस बेडर १४ डिसेंबर १९३१ला विमान अपघातात सापडले आणि त्यांचे दोन्ही पाय गेले. ते कृत्रिम पायांवर चालायला शिकले आणि १९३२ मध्ये त्यांनी विमान व्यवस्थित चालवून दाखवले. तरीही त्यांना उडू दिले नाही. कारण काय, तर अशा प्रकरणाची नियमांत तरतूदच नाही. पुढच्या वर्षी त्यांना सेवेतून निवृत्त करण्यात आले. १९३९ला युद्ध सुरू झाले, वैमानिक कमी पडू लागले आणि त्याच बेडरना परत घेतले गेले. पुढे लढाऊ वैमानिकांचे नेते म्हणून त्यांचे नाव झाले. पाय १९३२ साली होते तेच होते. बदलली होती ती सरकारची गरज.

त्याच काळात अमेरिकेत उलटे उदाहरण घडले. वायली पोस्ट हा तेलविहिरीवर काम करणारा मजूर. १९२६ मध्ये अपघातात त्याचा डावा डोळा गेला. नुकसानभरपाईच्या पैशातून त्याने जुने विमान घेतले. एका डोळ्याने अंतराचा अंदाज चुकतो, म्हणून त्याने तो अंदाज सरावाने पक्का केला. अनुभवी वैमानिकाने प्रत्यक्ष उड्डाणात आपली क्षमता दाखवली तर त्याला सवलत देता येईल, अशी वाट अमेरिकेच्या नियमांत ठेवलेली होती. पोस्टला परवाना मिळाला. जुलै १९३३ मध्ये त्याने पृथ्वीला एकट्याने प्रदक्षिणा घातली. विमानातून एकट्याने असे करणारा तो जगातला पहिला माणूस.

पुढे ७ डिसेंबर १९४४च्या शिकागो करारातून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना उभी राहिली. तिच्या नियमांत हीच वाट आजही आहे. एखादा उमेदवार निकषात बसत नसला, तरी तज्ज्ञांनी तपासून 'याच्या उणिवेमुळे उड्डाण धोक्यात येणार नाही' असा निष्कर्ष दिला, तर त्याला प्रमाणपत्र देता येते. गरज पडल्यास अट घालता येते. उदाहरणार्थ, चष्म्याची जादा जोडी जवळ ठेवावी किंवा दुसरा वैमानिक सोबत असावा.

लपवलेला आजार

पण ही वाट सगळ्या आजारांना आणि सगळ्या काळात खुली नव्हती. जिथे ती बंद होती, तिथे माणसे लपवू लागली.

स्टॅनमोर कूपर हे सॅन फ्रान्सिस्कोचे खासगी वैमानिक. १९६४ पासून त्यांच्याकडे परवाना होता. १९८५ मध्ये त्यांना एचआयव्हीची लागण असल्याचे कळले. तेव्हा अमेरिकेचे विमान वाहतूक खाते एचआयव्ही असलेल्या कुणालाही वैद्यकीय प्रमाणपत्र देत नसे. कूपर यांनी उडणे सोडले. पण १९९४ मध्ये त्यांनी पुन्हा अर्ज केला आणि त्यात आजाराचा उल्लेख केला नाही. पुढच्या वर्षी प्रकृती ढासळल्यावर त्यांनी सरकारी अपंगत्व भत्ता घेतला आणि तिथे मात्र आजार सांगितला. उपचारांनी बरे वाटल्यावर ते पुन्हा उडू लागले. १९९८ ते २००४ या काळात चार वेळा त्यांनी प्रमाणपत्राचे नूतनीकरण केले आणि दर वेळी आजार लपवला.

दरम्यान सरकारने उत्तर कॅलिफोर्नियातल्या हजारो वैमानिकांची यादी भत्ता घेणाऱ्यांच्या यादीशी ताडून पाहिली. एका खात्यात 'मी ठणठणीत' आणि दुसऱ्या खात्यात 'मी अपंग' असे सांगणारी माणसे सापडली. त्यांत कूपर होते. २००६ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला. आपली खासगी वैद्यकीय माहिती एका खात्याने दुसऱ्या खात्याला दिली, याविरुद्ध त्यांनी दावा लावला. तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २८ मार्च २०१२ला निकाल त्यांच्या विरोधात लागला. मानसिक त्रासाची भरपाई त्या कायद्यात मिळत नाही, असे बहुमताने ठरले.

कूपर यांनी खोटे लिहिले, यात शंका नाही. पण त्यांनी १९९४ला खरे लिहिले असते तर उत्तर ठरलेले होते: नाही. पुढे औषधे सुधारली आणि एचआयव्ही असलेल्यांनाही व्यक्तिगत तपासणीनंतर प्रमाणपत्र मिळू लागले. तोपर्यंत खोटे लिहायची सवय जडली होती.

दुसरे प्रकरण फार भयंकर आहे. २४ मार्च २०१५ला बार्सिलोनाहून ड्युसेलडॉर्फला निघालेले जर्मनविंग्जचे विमान सहवैमानिकाने मुद्दाम फ्रान्सच्या डोंगरात आदळवले. १५० माणसे गेली. तो मानसिक आजाराने त्रस्त होता. डॉक्टरांनी त्याला कामावर जाऊ नये असे लिहून दिले होते, ते त्याने कंपनीला कळवले नाही. अपराध त्याचाच. पण फ्रान्सच्या चौकशी अहवालाने एक गोष्ट स्पष्ट नोंदवली: उडण्याचा हक्क आणि कमाई जाण्याची भीती हे आजार न सांगण्यामागचे एक कारण होते.

या दोन घटना एका मापाने मोजता येणार नाहीत. पण दोन्हींतून एकच धडा मिळतो. तपासणीचा फॉर्म कितीही कडक करा, अर्ध्याहून अधिक माहिती माणूस स्वतः सांगेल तेव्हाच डॉक्टरला कळते. रक्तदाब यंत्रावर दिसतो. लहानपणची फिट किंवा रात्र रात्र न येणारी झोप यंत्रावर दिसत नाही.

दार किलकिले झाले

म्हणून काही देशांनी नियम बदलले. ऑस्ट्रेलियात रंगांधळ्या वैमानिकांनी लवादापुढे दाद मागितली. रंग ओळखण्यात दोष असणे म्हणजे विमान चालवता न येणे नव्हे, हे त्यांचे म्हणणे १९८९ मध्ये मान्य झाले आणि त्यांना रात्रीच्या उड्डाणाचीही मुभा मिळाली. ब्रिटनने २०१६ मध्ये अनेक खासगी वैमानिकांना प्रकृतीचे स्वयंघोषणापत्र देण्याची सोय केली. अमेरिकेत १ मे २०१७ पासून 'बेसिकमेड' पद्धत आली. ज्याच्याकडे पूर्वी वैद्यकीय प्रमाणपत्र होते, असा खासगी वैमानिक मोटार चालवण्याच्या परवान्यावर, दर चार वर्षांनी आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडून तपासून घेऊन, लहान विमान उडवू शकतो. हृदयविकार, फिट, गंभीर मानसिक आजार यांसाठी मात्र आधी खास मंजुरी लागते.

आपल्याकडे डीजीसीएच्या नियमांनुसार खासगी वैमानिकाला 'क्लास टू' आणि व्यावसायिक वैमानिकाला 'क्लास वन' प्रमाणपत्र लागते. बंगळुरू येथे १९५७ साली सुरू झालेली हवाई दलाची वैद्यकीय संस्था या क्षेत्रातली जुनी अधिकारी संस्था आहे. इथेही यादीपुढे माणूस उभा राहिला की नियम हलतो. केरळचे अ‍ॅडम हॅरी हे ट्रान्सजेंडर वैमानिक. त्यांनी दक्षिण आफ्रिकेत खासगी परवाना मिळवला होता, पण इथे त्यांना वैद्यकीयदृष्ट्या अपात्र ठरवले गेले. त्यांनी आवाज उठवला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये डीजीसीएने ट्रान्सजेंडर उमेदवारांच्या तपासणीसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या. २०२३ मध्ये वैमानिकांच्या मानसिक आरोग्याबद्दलही परिपत्रक आले. आपल्याच व्यवसायातल्या सहकाऱ्याशी मोकळेपणी बोलता यावे, अशी व्यवस्था उभारण्यावर त्यात भर आहे.

त्या पालकांना मी हेच सांगितले. लिहा. तापात येणारी फिट वेगळी आणि अपस्मार वेगळा, हा फरक तज्ज्ञ डॉक्टर करतात, तुम्ही-मी नाही. जुने केसपेपर शोधा, मेंदूविकारतज्ज्ञाचे मत घ्या आणि सगळे पुढे ठेवा. 'तात्पुरता अपात्र' असा शेरा आला तर तो शेवट नसतो, फेरतपासणी असते. 'कायमचा अपात्र' असा आला, तर तो फी भरण्याआधी कळलेला बरा. प्रशिक्षणाचा खर्च अनेक लाखांचा. त्यासाठी जमीन विकणारी, कर्ज काढणारी घरे मी पाहिली आहेत. म्हणून क्रम असा हवा: आधी तपासणी, मग फी.

'तंदुरुस्ती हजार नेमत' ही म्हण आपल्या घराघरांत आहे. त्याच घरांत आजार लपवायची रीतही आहे. मुलीचे स्थळ बघताना फिट लपवतात, नोकरीच्या फॉर्मवर साखर लपवतात आणि मनाचा आजार तर शेजाऱ्यालाही कळू देत नाहीत. याचा दोष एकट्या लपवणाऱ्याला देऊन भागत नाही. खरे सांगणाऱ्याचे स्थळ मोडते आणि अर्ज बाजूला पडतो, हे त्याने पाहिलेले असते. ट्रक, एसटी आणि उसाचा ट्रॅक्टर चालवणाऱ्या हजारो माणसांनाही विमानवाल्यांइतकीच ही सोय हवी: आजार सांगितल्यावर नाव खोडले जाणार नाही, तर पुढे काय करायचे ते सांगितले जाईल.