देणगी आणि सत्ता

ज्ञातिसंस्थांचे कार्य देणग्यांवरच चालते. म्हणून बॅरिस्टर अ. र. अंतुले यांच्या उदयास्ताचा इतिहास आम्हांस विशेष मननीय वाटतो. कोकणातील आंबेत गावचे हे कर्तबगार गृहस्थ जून १९८० मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. निराधारांसाठी साहाय्याची योजना, सिंधुदुर्ग व जालना हे नवे जिल्हे, ही त्यांच्या कार्यशक्तीची साक्ष होय. परंतु त्यांनी स्थापिलेल्या प्रतिष्ठानाकडे बांधकाम व्यावसायिकांच्या देणग्या येऊ लागल्या, आणि देणाऱ्यांस त्या काळी नियंत्रित व दुर्मिळ असलेले सिमेंट मिळू लागले. ऑगस्ट १९८१ मध्ये अरुण शौरी यांनी हे प्रकरण वृत्तपत्रातून उजेडात आणले. १२ जानेवारी १९८२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन यांनी सिमेंट व देणगी यांतील संबंध मान्य केला, आणि अंतुले यांनी राजीनामा दिला. फौजदारी खटला वर्षानुवर्षे लांबला. पुढे ते केंद्रात मंत्रीही झाले, पण मुख्यमंत्रिपद त्यांस पुन्हा लाभले नाही.

प्रतिष्ठानाचा उद्देश कितीही उदात्त असो, ज्यास नकार देण्याची सोय नाही त्याने दिलेले द्रव्य दान नव्हे. तो करच होय, असे आम्ही समजतो.