बारामतीत जन्मलेला इंजिनिअर, त्याचा लेसर आणि भाजल्याचा वण

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा. शेवटी कामाची गोष्ट आहे.

मागच्या महिन्यात शेजारचे एक गृहस्थ विमा कंपनीचं पत्र घेऊन माझ्याकडे आले. आमच्या गल्लीत अर्ज-फॉर्म लिहून द्यायचं काम बऱ्याचदा माझ्याकडे येतं. त्यांची मुलगी सहावीत आहे. दोन वर्षांपूर्वी बंबातलं कढत पाणी अंगावर पडून तिचा उजवा हात भाजला. जखम भरली, पण वण राहिला. जाड, लालसर, हाताला दोरखंडासारखा लागणारा. कोपर पूर्ण सरळ होत नाही. रात्री खाज सुटली की पोरगी उठून बसते. पुण्याच्या प्लास्टिक सर्जननी सांगितलं, आधी कोपराची शस्त्रक्रिया करू, मग उरलेल्या वणावर लेसर. कंपनीनं शस्त्रक्रिया मान्य केली आणि लेसरपुढे शेरा मारला: सौंदर्योपचार, पॉलिसीत बसत नाही.

ते पत्र वाचताना मला माझी आत्या आठवली. १९८६ साली पंपाच्या स्टोव्हचा भडका उडून ती भाजली होती. गळा, छाती आणि डावा हात. सरकारी दवाखान्यात मांडीची कातडी काढून लावली आणि ती वाचली. पण गळ्याची कातडी अशी आखडली की तिला मान वर करून आभाळाकडे बघता येत नसे. खोल भाजलं की कातडीतल्या घामाच्या ग्रंथीही जळतात. त्यामुळे उन्हाळ्यात तिची छाती नुसती तापायची, घाम यायचा नाही. ओल्या पंचाचे तुकडे ठेवून ती दुपार काढायची. घरात कुणी हळहळलं की मोठी माणसं म्हणायची, "जीव वाचला ना, मग झालं."

भाजलेल्या माणसाच्या उपचारांचा बराचसा इतिहास याच एका वाक्यात आहे. फार काळ वैद्यकाचं सगळं बळ जीव वाचवण्यातच खर्च होत होतं. वणासाठी हाताशी होतं ते थोडकं: आखडलेली कातडी सोडवायची शस्त्रक्रिया, दुसरीकडची कातडी आणून लावणं, मालिश आणि व्यायाम. १९७०च्या आसपास घट्ट दाब देणारे कपडे आले आणि १९८०च्या दशकात सिलिकॉनच्या पट्ट्या. हे सगळं आजही वापरतात, आणि वापरलंच पाहिजे. पण एकदा जुनाट झालेल्या, टणक वणाला आतून मऊ करणारं साधन हाती नव्हतं.

हे साधन आलं कुठून, ते शोधायला बसलो आणि थेट आपल्या बारामतीत येऊन पोहोचलो.

लेसरमागचा विचार आइनस्टाइनचा, १९१७ सालचा. प्रत्यक्ष पहिला लेसर थिओडोर मेमन यांनी १६ मे १९६० रोजी अमेरिकेत, कॅलिफोर्नियात पेटवला. तो माणकाच्या कांडीचा होता. पुढच्या दोन-तीन वर्षांतच सिनसिनाटीचे त्वचारोगतज्ज्ञ लिऑन गोल्डमन यांनी या उजेडाचा माणसाच्या कातडीवर काय परिणाम होतो, ते तपासायला घेतलं. पण कातडीच्या कामासाठी पुढे सर्वांत महत्त्वाचा ठरला तो दुसराच लेसर, कार्बन डायऑक्साइड वायूचा. तो १९६४ साली बेल लॅब्जमध्ये तयार झाला आणि तो तयार करणाऱ्याचं नाव सी. कुमार एन. पटेल. जन्म १९३८, बारामती. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून, म्हणजे आपल्या सीओईपीतून, १९५८ ला पदवी. मग स्टॅनफर्ड, १९६१ ला पीएच. डी. आणि तिथून बेल लॅब्ज. १९९६ साली अमेरिकेनं त्यांना विज्ञानाचं राष्ट्रीय पदक दिलं. आपल्या गावात किती जणांना हे नाव ठाऊक आहे? मलाही नव्हतं, खोटं कशाला बोलू.

या लेसरचा किरण डोळ्यांना दिसत नाही. त्याची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर आहे आणि ती पाण्यात झटकन शोषली जाते. आपली कातडी म्हणजे बरंचसं पाणीच. किरण पडला की तेवढ्या जागचं पाणी क्षणात उकळतं आणि तेवढाच भाग वाफ होऊन जातो. कारखान्यात पत्रा कापणारा आणि दवाखान्यात कातडीवर चालणारा लेसर एकाच जातीचा. १९७२ मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी स्वरयंत्राच्या शस्त्रक्रियांत तो वापरल्याचं जाहीर केलं. १९९०च्या दशकात चेहऱ्याच्या सुरकुत्या घालवायला कातडीचा वरचा थर या लेसरनं सरसकट काढायची लाट आली. लेसर म्हणजे श्रीमंतांचे चोचले, ही समजूत बहुधा तिथूनच पक्की झाली. शिवाय सगळा थर उडवल्यामुळे जखम मोठी व्हायची, भरायला वेळ लागायचा, काहींना पांढरे डाग, तर काहींना नवे वण राहायचे. भाजलेल्या कातडीवर असा प्रयोग करायला कोण धजावणार?

याच दरम्यान दुसऱ्या बाजूनंही काम चाललं होतं. १९८३ साली बॉस्टनच्या रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी दाखवून दिलं की तरंगलांबी आणि वेळ नेमकी निवडली, तर आजूबाजूला धक्का न लावता फक्त हवा तोच घटक तापवता येतो. त्यातून रक्ताच्या लाल रंगाला धरणारा डाय लेसर आला. आधी जन्मजात लाल डागांसाठी, आणि १९९०च्या दशकात लालभडक, उंचावलेल्या वणांसाठी. लाली आणि खाज कमी करायला तो आजही वापरतात.

खरं वळण आलं २००४ साली. अँडरसन आणि त्यांचे सहकारी डीटर मॅनस्टीन यांनी सुचवलं की सगळी कातडी भाजायचीच कशाला? केसाएवढ्या बारीक जागांवर किरण मारा आणि मधली कातडी जशीच्या तशी ठेवा. शेतकऱ्याला हे समजवायला नको. पावसानंतर जमीन वरून घट्ट झाली की आपण सगळं रान नांगरत नाही. उभं पीक राखून दोन ओळींमधून कोळपं घालतो. माती मोकळी होते आणि पीकही जागेवर राहतं. हा लेसरही तसाच चालतो. मधली शाबूत कातडी त्या बारीक छिद्रांना चटकन भरून काढते, आणि हे करताना शरीर वणातले कोलॅजनचे घट्ट गठ्ठे मोडून नव्यानं रचायला लागतं.

काही वर्षांतच पटेलांचा जुना लेसर या नव्या पद्धतीला जोडला गेला. हा किरण खोल जातो, जाड वणात काही मिलिमीटरपर्यंत. २००९ मध्ये अमेरिकेत जिल वायबेल आणि केनेथ बीअर यांनी खोल भाजलेल्या एका रुग्णाच्या वणावर असा उपचार केल्याचं प्रसिद्ध केलं. त्याच सुमाराला इराक-अफगाणिस्तानातून स्फोटांत होरपळलेले सैनिक परतत होते. सॅन डिएगोच्या नौदल रुग्णालयातल्या डॉक्टरांनी त्यांच्या वणांवर हा लेसर वापरायला सुरुवात केली. आता त्या सैनिकांना गोरंपान दिसायचं नव्हतं. त्यांना बोटं वळवायची होती, तोंड नीट उघडायचं होतं, वणाच्या जागी कृत्रिम पाय टोचल्याशिवाय घालायचा होता. सुरकुत्यांचं यंत्र इथे सांध्यांच्या हालचालीसाठी कामाला लागलं. २०१४ मध्ये तज्ज्ञांच्या एका गटानं एकत्रित मत मांडलं, की अपघात आणि भाजल्याच्या वणांवरच्या उपचारात या लेसरला ठळक जागा मिळाली पाहिजे.

आता दुसरी बाजूही सांगतो, कारण जाहिराती ती सांगत नाहीत. लेसरनं वण पुसला जात नाही. तो मऊ, पातळ होऊ शकतो, खाज आणि ओढ कमी होऊ शकते. त्यासाठी एक ते तीन महिन्यांच्या अंतरानं अनेकदा जावं लागतं. सांधा आखडला असेल तर बऱ्याचदा आधी शस्त्रक्रियाच लागते. अभ्यास झालेत, पण बरेचसे लहान आहेत, आणि सगळ्यांना सारखा गुण येत नाही. आपल्या सावळ्या कातडीवर काळे डाग पडायचा धोका जास्त असतो, म्हणून छिद्रं विरळ ठेवावी लागतात. तेव्हा हे काम ब्युटी पार्लरचं नाही. भाजलेल्या रुग्णांचा अनुभव असलेल्या प्लास्टिक सर्जनचं किंवा त्वचारोगतज्ज्ञाचं आहे.

आता कामाची गोष्ट. विमा नियामक प्राधिकरणानं २०१९ मध्ये आरोग्य विम्यातल्या वगळण्याच्या अटींची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली. त्यात कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरीची अट आठव्या क्रमांकाची. सगळे तिचं पहिलं अर्धं वाक्यच वाचतात. पुढच्या अर्ध्यात स्पष्ट लिहिलंय की अपघात, भाजणं किंवा कॅन्सर यानंतरच्या पुनर्रचनेला ही अट लागू नाही. म्हणजे भाजल्याच्या वणावरचा उपचार केवळ "सौंदर्योपचार" या एका शब्दावर उडवून लावता येत नाही.

म्हणून तुमच्या घरी कुणावर ही वेळ आली तर एवढं करा. डॉक्टरांकडून लेखी घ्या की हा भाजल्यानंतरच्या पुनर्रचनेचा भाग आहे. सांधा किती अंश वळतो, खाज, दुखणं, झोपमोड, हे सगळं कागदावर येऊ द्या. फोटो तारखेसकट ठेवा. ओपीडीतल्या उपचाराला अनेक पॉलिसी पैसे देत नाहीत, म्हणून डे-केअरमध्ये बसतं का ते आधी लेखी विचारा. नकार आला तर कंपनीच्या तक्रार विभागाकडे जा, तिथे दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे. विमाच नसेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा आणि कशाकशाला मदत मिळते ते विचारा.

शेजाऱ्यांचं पत्र मी अशाच मुद्द्यांनी लिहून दिलंय. उत्तर अजून आलेलं नाही. आलं की इथेच सांगेन, होकार असो वा नकार.

आत्या आता नाही. तिच्या तरुणपणी या उपचाराची ही पद्धतच नव्हती, त्यामुळे कुणाला दोष द्यावा असं नाही. पण या पोरीच्या वेळी उपचार आहे आणि नियमही तिच्या बाजूनं आहे. जो लेसर बारामतीत जन्मलेल्या माणसानं जगाला दिला, तो बारामतीच्या पोरीला एका शेऱ्यापायी मिळू नये, हे काही मनाला पटत नाही.

कुणाला असं नकाराचं पत्र आलं असेल तर इनबॉक्समध्ये कळवा, अर्ज लिहायला मी मदत करेन, फुकट. आणि एक विनंती. घरात कुणी भाजून वाचलं असेल, तर "जीव वाचला ना, मग झालं" असं त्या माणसासमोर म्हणू नका. तिथून पुढचं सगळं त्यालाच काढायचं असतं.