मापाची मजुरी

मी गवंडी. नांदगाव तालुक्यातच हात काळे झाले. अलीकडे बांधतो ती बहुतेक घरकुलंच. पण आमच्याकडे सरकारी मजुरी आधी आली, सरकारी घर फार मागाहून.

१९७२ ला पावसानं दगा दिला. गिरणा धरण आमच्याच तालुक्यात, पांझणला, १९६९ साली पुरं झालेलं; पाटाचं पाणी मात्र जळगावकडे. सातमाळ्याच्या पायथ्याच्या खडकाळ रानाला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. माय खडी फोडायला गेली. दगड उडू नये म्हणून तो रबराच्या कड्यात धरायचा, वरून हातोडी. खायला मिलो ज्वारीची लाल भाकरी, पोरांना सुकडी. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर दुष्काळी कामांवर ५० लाखांच्या आसपास माणसं होती. त्यातली ती एक.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगावकडे करून पाहिलेली कल्पना तोवर राज्याची रोजगार हमी योजना झाली होती. १९७५ ला तिच्यासाठी व्यवसाय कर लागला. मुंबईच्या पगारदाराचा कापलेला पैसा आमच्या नालाबांधावर आला, ही गोष्ट मला आजही मोठी वाटते. कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. काम मागितलं की १५ दिवसांत द्यायचं, नाहीतर बेकारी भत्ता. तो भत्ता दिवसाला १ रुपया! रुपयात काय येतं, हे ठरवणाऱ्यांनाही ठाऊक असणारच.

मजुरी दिवसावर नव्हती, मापावर होती. खोदताना मधोमध मातीचा उभा खुंट सोडायचा, त्यावरून खोली धरायची. मुरमाला एक दर, खडकाला दुसरा. कागदावर चोख. पण वर वीतभर मुरूम नि खाली पाषाण, असं आमचं रान. मोजणाऱ्यानं सगळा मुरूम लिहिला की दिवसभराचा घाम निम्म्या भावात गेला. शिवाय पगार मापानंतर, तोही हप्ता-दोन हप्त्यांनी. ऊसतोडीच्या मुकादमाची उचल आधी हातात पडते. जोडपी कोयत्यावर गेली ती याच हिशेबानं, आणि सहा-सहा महिने कारखान्याच्या कडेला कोपीत राहिली.

घराचं म्हणाल तर इंदिरा आवास १९८५ ची. २०१६ पासून प्रधानमंत्री आवास: २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट, आणि १ लाख २० हजार रुपये मूळ अनुदान. वर रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी. २०२५-२६ चा ३१२ रुपये दर धरला तर २८,०८० रुपये. आपल्याच घराच्या पायाला आपलीच हजेरी लागते, हे मला पटतं. घोळ पुढे आहे. जोतं वर येतं तोवर दिवाळी होते, घरधनी कोयत्यावर निघतो आणि अनुदानाचा पुढचा हप्ता कामाचा फोटो मागतो.

ती ९० दिवसांची हजेरीही अकुशल कामाचीच. गवंड्याचे पैसे घराच्या अनुदानातूनच निघतात. सिमेंट, सळई, वाळू यांचे भाव दुकानदार कमी करत नाही, म्हणून घासाघीस होते ती माझ्याशी.