दस्ता (दुनळी बंदुकीचा)

दस्ता : बंदुकीचा खांद्याला टेकणारा लाकडी भाग. शेजारी-शेजारी नळ्या असलेल्या दुनळी बंदुकीला पुढच्या टोकाला माशी असते, मागची माशी नसते. ते काम नेमबाजाचा डोळाच करतो. गाल दस्त्यावर जिथे टेकतो, तिथे डोळ्याची जागा ठरते. दस्ता 1.5 मिमी.ने उंच असला, तरी 36 मीटरवर छर्‍यांचा मारा सुमारे 5 सेंमी. वर जातो. अंगाला न बसणारी बंदूक कितीही नामांकित कारखान्याची असली, तरी अडचणीचीच ठरते.

मापे : पुढच्या चापापासून दस्त्याच्या मागील पृष्ठाच्या मध्यापर्यंतची लांबी सर्वसाधारण उंचीच्या माणसाला 14 ते 14.5 इंच लागते. नळ्यांच्या पातळीपासून दस्ता गालाजवळ सुमारे 1.5 इंच आणि खांद्याजवळ 2 ते 2.25 इंच खाली असतो. जुन्या बंदुकांत हा उतार अनेकदा याहून जास्त आढळतो. उजव्या खांद्यावरून बार काढणाऱ्यासाठी दस्ता किंचित उजवीकडे वळवलेला असतो. वारसाने आलेल्या बंदुकीत ही सारी मापे आजोबांच्या अंगाची असतात, नातवाच्या नव्हे.

सातारा-सांगली परिसर : सातारचे राज्य 1848 मध्ये खालसा झाले आणि तेथे 1878 चा शस्त्रकायदा लागू झाला. सांगली, मिरज, जत, औंध, फलटण ही संस्थाने मात्र 1948 पर्यंत टिकली. संस्थानी काळात शिकारीच्या छंदापायी ब्रिटिश दुनळ्या भारतात मोठ्या प्रमाणावर आल्या. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कडक निर्बंध आले. 1959 च्या शस्त्र अधिनियमात 2019 मध्ये झालेल्या दुरुस्तीने एका व्यक्तीला वारसाच्या शस्त्रांसह दोनच बंदुका बाळगता येतात. आज अशी दुनळी मुख्यतः घराण्याची ठेव म्हणून जपली जाते.

या दोन जिल्ह्यांचे हवामान लाकडाची कसोटी पाहते. महाबळेश्वर-पाटणच्या पावसात दस्ता ओल धरून फुगतो; माण, खटाव, जतच्या कोरड्या उन्हाळ्यात तो आकसतो. मग लाकूड आणि लोखंड यांच्यात फट पडते, बाराचा धक्का एकाच जागी बसतो आणि कळीच्या, म्हणजे बार उडवणाऱ्या यंत्रणेच्या, मागे बारीक चीर जाते. नळ्या वर करून उभ्या ठेवलेल्या बंदुकीतले तेल खाली झिरपून नेमकी हीच जागा काळी व मऊ करते. म्हणून तेल अगदी थोडे वापरावे आणि बंदूक नळ्या खाली करून ठेवावी. मुरलेले तेल खडूच्या भुकटीचे लेप देऊन बरेचसे शोषून काढता येते.

दस्ता बदलणे : हा शेवटचा उपाय होय. दस्ता आखूड असल्यास मागे अक्रोडाचा तुकडा जोडतात. उतार किंवा वळण कमी-जास्त असल्यास मुठीजवळचा भाग गरम जवसाच्या तेलाने तापवून हळूहळू वाकवतात. लाकूड कुजले किंवा मूठ तुटली, तरच नवा दस्ता करावा. त्यासाठी वर्षानुवर्षे मुरवलेले अक्रोडाचे लाकूड उत्तम. ते हलके व चिवट असते, आणि काश्मिरी अक्रोडामुळे श्रीनगर हे या कामाचे जुने केंद्र आहे. सह्याद्रीतले शिसव देखणे, पण जड; त्याने बंदुकीचा तोल मागे जातो. लाकडाच्या रेषा मुठीतून सरळ जायला हव्यात, आडव्या गेल्या तर तेथेच दस्ता मोडतो.

खरे कसब कळ बसवण्यात आहे. कारागीर लोखंडाला काजळीचा पातळ लेप देतो, ते खाचेत दाबून उचलतो आणि जिथे काळा डाग उमटला तेवढेच लाकूड पटाशीने खरवडतो. सगळीकडे सारखा डाग उमटेपर्यंत हे चालते. लोखंडाला कानस लावून काम उरकणे म्हणजे मूळ बंदुकीची कायमची हानी. शेवटी जवसाच्या तेलाचे हात देतात आणि मुठीवर जाळीदार चरे पाडतात. असे काम शस्त्रदुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडेच द्यावे लागते.

उतरवलेला दस्ता फेकू नये. मूळ मापे, चऱ्यांची नक्षी आणि मालकाच्या नावाची पट्टी त्यावरच असते. पुढे बंदूक पूर्ववत करायची झाल्यास त्याच्याइतका भरवशाचा नमुना दुसरा नाही.