पहिली आली, पण बाई निघाली

मागच्या वेळी आपण विहिरींचा इतिहास ऐकला. आज बागेचा ऐकू या. बाग म्हणजे परसातली चार झाडं नव्हेत. सरकारी कचेरीपुढे, मोठ्या हॉटेलात, शहरातल्या उद्यानात जी आखून-रेखून केलेली असते, ती बाग. कुठलं झाड कुठं लावायचं, ते कसं जपायचं, त्याला पाणी किती आणि कधी द्यायचं, याचं रीतसर शिक्षण असतं आणि त्याला पगारही चांगला मिळतो. हे शिक्षण बायकांच्या हाती कसं आलं, त्याची ही गोष्ट आहे. ती आहे इंग्लंडातली. पण ऐकताना तुम्हाला आपल्याच गावची वाटली, तर नवल नाही.

बागेत बाई पहिल्यापासून होतीच. लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याच्या सोळाव्या शतकातल्या हिशेबवह्यांत तण काढणाऱ्या बायांची मजुरी लिहिलेली आहे. म्हणजे राजाच्या बागेतसुद्धा खुरपणी बाईचीच! माळी मात्र पुरुष. पोरगा लहानपणी बागेत कामाला लागायचा, थोरल्या माळ्याच्या हाताखाली वर्षानुवर्षं शिकायचा आणि एक दिवस स्वतः मुख्य माळी व्हायचा. बाईने सगळा जन्म त्याच वाफ्यात काढला, तरी ती खुरपणारीच राहायची.

1889 साली केंट परगण्यात स्वान्ले नावाच्या गावी बागकामाचं कॉलेज निघालं. ते मुलांसाठी होतं. दोन वर्षांनी, 1891 मध्ये, तिथं मुलींना घ्यायला सुरुवात झाली. मुली इतक्या आल्या की 1903 पर्यंत ते फक्त मुलींचंच कॉलेज झालं. वनस्पतिशास्त्र, मातीचं रसायन, फळबाग, काचघरातली झाडं, मधमाश्या, असं सगळं तिथं शिकवत. नुसतं वहीत लिहून भागत नसे. कुदळ हातात घेऊन खणावं लागे.

त्या काळच्या बागकामात सगळ्यात अवघड काय होतं, सांगा बरं? पाणी देणं. आपल्याला वाटतं, त्यात काय शिकायचं? पण काचघरात शेकडो कुंड्या ओळीने मांडलेल्या असत आणि प्रत्येकीची तहान वेगळी. सगळ्यांना सारखं पाणी घातलं की निम्म्यांची मुळं कुजलीच म्हणून समजा. मग माळी एक युक्ती करत. काठीच्या टोकाला दोऱ्याचं लाकडी रीळ बसवायचं आणि मातीच्या कुंडीवर हलकेच ठोकायचं. खणखणीत आवाज आला, तर आतली माती कोरडी आहे, पाणी द्या. बद्द आवाज आला, तर ओल आहे, पुढे चला. बाजारात मडकं घेताना आपण टिचकी मारून बघतोच की! कान तयार व्हायला मात्र वेळ लागतो. प्लास्टिकच्या कुंडीवर ही विद्या चालत नाही. तिथं आपलं बोट मातीत खुपसून बघायचं.

आता ऑलिव्ह हॅरिसनची गोष्ट. ही स्वान्लेची विद्यार्थिनी. इंग्लंडात रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी म्हणून बागकामाची मोठी संस्था आहे. तिच्या परीक्षेला देशभरातून मुलं बसत. 1898 साली ऑलिव्हला त्या परीक्षेत सगळ्यांत जास्त गुण मिळाले. पहिल्या आलेल्याला शिष्यवृत्ती मिळायची आणि लंडनजवळ चिझिकला संस्थेच्या बागेत पुढचं शिक्षण घेता यायचं. तिची पाळी आल्यावर संस्थेने कळवलं की हे बाईला देता येणार नाही. कारण, ही शिष्यवृत्ती कधी बाई मागेल, असं कोणाच्या मनातच आलं नव्हतं! बाईने पहिलं येऊ नये असा नियम नव्हता, मैत्रिणींनो. ती येईल असं कुणाला वाटलंच नव्हतं, इतकंच. मला तर हे नियमापेक्षाही जास्त लागतं. तिच्याविषयीची ती पत्रं त्या संस्थेच्या दप्तरात अगदी अलीकडे सापडली.

पण त्याआधी दोन वर्षं दुसरं एक दार थोडं किलकिलं झालं होतं. लंडनची क्यू बाग तेव्हा जगात नावाजलेली होती. 1896 मध्ये तिथल्या संचालकांनी, थिसलटन-डायर यांनी, स्वान्लेच्या अ‍ॅनी गल्विन आणि अ‍ॅलिस हचिन्स या दोघींना माळी म्हणून घेतलं. अट अशी की कपडे पुरुषांसारखे घालायचे: तपकिरी तुमान, लोकरी मोजे, कोट, डोक्यावर टोपी. पुरुष माळ्यांचं लक्ष चळू नये हा हेतू. झालं उलटंच. बायका तुमान घालून बाग करतात, ही बातमी पेपरात आली आणि त्यांना बघायला लंडनहून माणसांची रीघ लागली. मग येता-जाता वरून लांब रेनकोट घालायची वेळ आली. लोकांनी कपडे बघितले, काम कोण बघतो? पण अ‍ॅनीचं काम बघणारे कोणीतरी होतेच. पुढच्याच वर्षी वेल्समधल्या एका मोठ्या घराच्या बागेची मुख्य माळीण म्हणून ती गेली.

त्याच क्यूमध्ये शिकलेला गुस्टाव क्रुम्बिगल नावाचा जर्मन माळी 1893 मध्ये आपल्या सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात नोकरीला आला. पुढे 1908 मध्ये तो बंगळूरच्या लालबागेत गेला. वर्षभर कुठलं ना कुठलं झाड फुललेलं दिसेल अशी झाडं निवडून रस्त्याकडेला लावायची, या बंगळूरच्या रीतीचं श्रेय त्याला देतात. हे आपल्यालाही जमण्यासारखं आहे. शाळेच्या आवारात फाल्गुनाला पळस, चैत्र-वैशाखात बहावा, पुढे ताम्हण. तीन्ही इथलीच झाडं, रुजली की पाणीही फार मागत नाहीत. आपल्याकडे काय होतं? रोपवाटिकेत पिशव्या भरायला बाया, आणि कुठं काय लावायचं ते ठरवायला बाहेरचा माणूस. तो एकाच जातीची पन्नास झाडं लावून मोकळा होतो.

पुढे पहिलं महायुद्ध आलं. पुरुष लढाईवर गेले, तेव्हा 1915 मध्ये क्यूला पुन्हा बायांची आठवण झाली. युद्ध संपलं, पुरुष परतले, आणि काही वर्षांत बाया पुन्हा बाहेर. दुसऱ्या महायुद्धात हेच सगळं परत घडलं. त्या युद्धात स्वान्ले कॉलेजवर बॉम्ब पडले, आणि 1945 मध्ये ते वाय गावच्या शेती कॉलेजात विलीन झालं.

बिएट्रिक्स हॅवरगल या बाईने मात्र दुसऱ्याच्या दाराशी थांबायचं नाही असं ठरवलं. ऑक्सफर्डजवळ वॉटरपेरीला तिने 1932 पासून मुलींची बागकामाची निवासी शाळा चालवली. दोन वर्षांचा अभ्यास, आणि पहाटेपासून बागेत काम. भाजी आणि फळं विकून शाळेचा खर्चही निघायला हातभार लागे. तिथल्या स्ट्रॉबेरीला लंडनच्या चेल्सी प्रदर्शनात सुवर्णपदकं मिळत. युद्धकाळात शेतीवर जाणाऱ्या बायकाही तिथंच शिकून गेल्या. 1971 मध्ये, वय झालं म्हणून, तिने शाळा बंद केली. बाग अजून आहे. लोक तिकीट काढून बघायला जातात, आणि बागकामाचे वर्ग तिथं आजही भरतात.